'तेनेब्रे' (१९८२): कोणती प्रत बघावी आणि मतं इतकी दुभंगलेली का?

प्रश्न: इटालियन दिग्दर्शक दारिओ आर्जेंतोचा हा जाल्लो (खूनसत्रांचा इटालियन रहस्यपट) काहींना त्याचा सर्वोत्तम वाटतो, काहींना नुसता दिखाऊ. एक प्रत १०१ मिनिटांची, दुसरी ९१ची. मधलं काय गेलंय? आणि रहस्यपट असून सगळं इतक्या लख्ख उजेडात का?

प्रतिसाद १: १०१चीच बघा. ९१ मिनिटांची ती अमेरिकन, १९८४ची, 'अनसेन' नावाची. तिच्यात खुनांची दृश्यं छाटलीच, शिवाय पात्रांचे आपसातले संबंध उलगडणारे तुकडेही उडवले. त्यामुळे शेवटाचा धागाच लागत नाही. तिथल्या समीक्षकांनी झोडपला तो हा लंगडा सिनेमा. ब्रिटनमध्ये 'व्हिडिओ नॅस्टी', म्हणजे फार हिंसक ठरवलेली व्हिडिओफिल्म, म्हणून कॅसेटवर बंदी होती. विनाकात्री प्रत थेट २००३मध्ये मिळाली. म्हणजे निम्मी जुनी मतं अर्धवट प्रतीवरची आहेत.

प्रतिसाद २: उजेड मुद्दाम आहे. छायालेखक लुचानो तोवोली, आर्जेंतोच्याच आधीच्या 'सुस्पिरिया'चा. पण तिथले लाल-निळे झोत इथे नाहीत. रोमच्या एऊर भागातली आधुनिक घरं, पांढऱ्या भिंती, सपाट प्रकाश. लपायला सावलीच नाही, आणि पांढऱ्यावर लाल रंग अंगावर येतो.

भांडणाचं मूळ म्हणजे लुमा क्रेनचा (कॅमेरा दुरून फिरवणाऱ्या लांब यांत्रिक हाताचा) शॉट. सुमारे अडीच मिनिटं, एकही कट नाही. कॅमेरा खिडकीतून भिंतीवर चढतो, कौलांवरून सरकतो आणि पलीकडच्या बाजूला उतरतो. चित्रीकरणाला तीन दिवस लागले. कथेला त्याची गरज नाही, हे खरंच. पण पार्श्वसंगीत ऐका: घरातली बाई 'आवाज कमी कर' म्हणून ओरडते, तेव्हा कळतं की ते तिथेच रेकॉर्डवर वाजतंय. (संगीत सिमोनेत्ती, पिन्यातेल्ली, मोरांते यांचं, तिघेही गोब्लिन या बँडचे.) नुसत्या मिरवण्यात एवढा विचार नसतो.

प्रतिसाद ३: मिरवणं आहेच, राव, फक्त हुशारीचं. स्त्रीद्वेषाच्या आरोपाचंही तसंच. सिनेमातली पत्रकार तिल्दे नायक असलेल्या लेखक पीटर नीलला थेट विचारते, तुझ्या पुस्तकात बायकाच का मरतात? प्रश्न सिनेमातच विचारला, म्हणजे उत्तर दिलं असं होत नाही. पुढे तीच मारली जाते.

भाषेचं म्हणाल तर इंग्रजी ट्रॅक घ्या. नील झालेला फ्रान्चोसा आणि जॉन सॅक्सन या नटांचे स्वतःचे आवाज त्यातच आहेत. अभिनेत्री दारिया निकोलोदीचा मात्र डब केलेला, तो खटकतो. शेवटच्या किंकाळीपर्यंत बंद करू नका आणि त्याआधी कथासार वाचू नका. ते वाचलंत तर शेवटची वीस मिनिटं वाया.