मदत हवी आहे: टाटा १६१३, कमिन्स ६बीटी. हेड बसवल्यावर तीन-चार ठिकाणी टॅपेट सेटिंग (रॉकर आणि व्हॉल्व्हमधला गॅप) लागत नाही

धागाकर्ता:
इंजिन कमिन्स ६बीटी, ५.९ लिटर, बारा व्हॉल्व्हचं. पूर्ण ओव्हरहॉल सुरू आहे. हेडचं काम बाहेरून करून आणलं: गाईड नवे, व्हॉल्व्ह नवे, सीट कटिंग आणि फेसिंग. फेसिंगला किती मटेरियल काढलं ते लिहून मिळालेलं नाही. कॅम आणि टॅपेट (कॅमवर टेकून वर-खाली होणारे) जुनेच, प्रत्येक टॅपेट आपापल्याच भोकात गेलाय. टॅपेटपासून रॉकरपर्यंत जाणारे पुशरॉडही जुनेच. हेड पॅकिंग (गॅस्केट) स्टँडर्ड, हेड बोल्ट पूर्ण टॉर्कला.

अडचण अशी:
४ नंबरचा इनटेक: स्क्रू पूर्ण मागे घेतला तरी गॅप शून्य, रॉकर व्हॉल्व्हला दाबूनच धरतो.
३ आणि ५ चे एक्झॉस्ट: गॅप लागतो, पण चेकनटच्या वर स्क्रू बाकीच्यांपेक्षा साधारण एक मिमी जास्त बाहेर राहतो.
२ चा एक्झॉस्ट: १ नंबरच्या टीडीसीला (पिस्टन सर्वात वर असताना) ०.५१ मिमी लावला. इंजिन फिरवून परत बघितलं तर पुशरॉड हाताने खुळखुळतोय.

मिस्त्रींचं म्हणणं, ३, ४ आणि ५ च्या व्हॉल्व्हच्या शेंड्या ग्राइंडरवर थोड्या घासू. घासू द्याव्यात का?

रॉकरशाफ्ट:
शेंड्यांना हात लावू देऊ नका. ही एक अडचण नाही, तीन वेगवेगळ्या आहेत. शेंडी घासून त्यातली एकही सुटणार नाही.

सर्वात सोपी २ च्या एक्झॉस्टची. १ नंबर कॉम्प्रेशनच्या टीडीसीला असतो तेव्हा २ नंबर एक्झॉस्ट स्ट्रोकमध्ये असतो, म्हणजे तो व्हॉल्व्ह कॅमच्या नाकावर उघडा असतो. तुम्ही उघड्या व्हॉल्व्हचा गॅप लावलात. फायरिंग ऑर्डर १-५-३-६-२-४ धरून पहिल्या फेरीत फक्त एवढेच लावायचे: १ चे दोन्ही, २ इनटेक, ३ एक्झॉस्ट, ४ इनटेक, ५ एक्झॉस्ट. मग क्रँक बरोबर एक पूर्ण फेरा फिरवून २ एक्झॉस्ट, ३ इनटेक, ४ एक्झॉस्ट, ५ इनटेक आणि ६ चे दोन्ही. इनटेक ०.२५ मिमी, एक्झॉस्ट ०.५१ मिमी, म्हणजे १० आणि २० थाऊ (इंचाचा हजारावा भाग). इंजिन थंड हवं, ६० अंशांच्या खाली.

टीडीसी टायमिंग पिनने पकडत असाल तर फिरवण्याआधी पिन बाहेर ओढलीच पाहिजे. ती आत राहिली तर तुटते. १ नंबर खरंच कॉम्प्रेशनवर आहे ना याची दुसरी खूण: क्रँक थोडा मागे-पुढे हलवला की ६ नंबरचे दोन्ही रॉकर हलायला हवेत आणि १ चे दोन्ही सैल राहायला हवेत.

लेथवाला:
४ इनटेककडे आधी बघा, कारण त्यात नुकसान वाढत जातं. १ च्या टीडीसीला तो व्हॉल्व्ह बंदच असतो, म्हणजे तिथे क्रमाचा घोळ नाही. सीट खोल गेली किंवा हेड फेस केलं तर स्क्रू एक-दीड मिमी मागे घ्यावा लागतो, पण सगळ्या आट्या संपत नाहीत. आट्या संपल्या याचा अर्थ पुशरॉडच काही मिमी उंच उभा आहे. त्याची कारणं दोनच: पुशरॉडचा खालचा गोळा टॅपेटच्या वाटीत न बसता काठावर टेकलाय, किंवा टॅपेट भोकात वरच अडकलाय.

तपासायचं असं. ४ च्या रॉकरचा पेडेस्टल (रॉकर धरणारा ठोकळा) सोडा. लक्षात घ्या, त्यातून एक हेड बोल्टही जातो. एका वेळी एकच पेडेस्टल सोडायचा. पुशरॉड काढा आणि सरळ सळई टॅपेटच्या वाटीत टेकवून हेडच्या वरच्या कडेशी खूण करा. व्हॉल्व्ह बंद असलेल्या शेजारच्या भोकात तीच सळई घाला. खूण जुळली तर टॅपेट खाली आहे आणि दोष पुशरॉड बसण्यात होता. जुळली नाही तर टॅपेट चिकटलाय. मग क्रँक पूर्ण दोन फेरे फिरवून बघा, तो वर-खाली होतो की वरच राहतो.

पुशरॉड काचेवर लोळवा. काठावर टेकलेल्या रॉडवर पेडेस्टल आवळला गेला असेल तर रॉड वाकलेला असणारच. सरळ करून वापरू नका, नवा घाला. टॉर्च मारून वाटीचा काठही बघा. टवका उडाला असेल तर तो तुकडा खाली ऑइलमध्ये गेलाय आणि टॅपेटही बदलावा लागेल. हे टॅपेट छत्रीच्या आकाराचे, खालून बसणारे आहेत. वरून निघत नाहीत, कॅम काढावा लागतो.

रॉकरशाफ्ट:
पुशरॉड परत घालताना गोळ्याला ऑइल लावा, वाटीत टेकला की थोडा फिरवा आणि हलकेच वर उचला. नीट बसला असेल तर ऑइलमुळे धरल्यासारखा लागतो, काठावर असेल तर लगेच सुटतो. पेडेस्टल ठेवण्याआधी सगळे स्क्रू पूर्ण मागे घ्यायचे. पेडेस्टल आपल्या डॉवेलवर हाताने सपाट बसला पाहिजे. बोल्टने ओढून बसवावा लागत असेल तर थांबा, खाली काहीतरी अडलंय. ८ मिमीच्या बोल्टला २४ न्यूटन मीटर, चेकनटलाही तेवढंच.

लेथवाला:
आता ३ आणि ५ चे एक्झॉस्ट. स्क्रू एक मिमी जास्त बाहेर म्हणजे त्या व्हॉल्व्हच्या शेंड्या उंच आल्यात. फेसिंगचा परिणाम बाराही ठिकाणी सारखाच पडतो, त्यामुळे दोनच ठिकाणचा फरक फेसिंगने येत नाही. सीट तिथे जास्त कापली गेलीय. हेड न काढता अंदाज घेता येतो: रॉकर काढलेले असताना एक्झॉस्टच्या सगळ्या शेंड्यांवरून स्टीलपट्टी आडवी ठेवा. ३ आणि ५ वर टेकून बाकीच्यांवर फट राहील, ती फिलर गेजने मोजा. आकडे इथे टाका.

धागाकर्ता:
मोजलं. ४ चा पुशरॉड वाकलाय, काचेवर ठेवला की रॉडखालून उजेड स्पष्ट दिसतो. सळईची खूण शेजाऱ्याशी जुळली, वाटीचा काठ शाबूत आहे. २ एक्झॉस्ट तुमच्या क्रमाने लावला, आता दोन फेरे फिरवूनही ०.५१ कायम. एक्झॉस्टच्या शेंड्या: १, २, ४, ६ जवळपास एका पातळीत, ३ वर १.१ मिमी, ५ वर १.२ मिमी जास्त. गॅप लागतोय, तर असंच चालवलं तर काय बिघडेल?

लेथवाला:
गाडी चालेल, पण ते दोन सिलिंडर कायम मागे राहतील. या इंजिनात व्हॉल्व्ह हेडच्या फेसपासून ०.९९ ते १.५२ मिमी आत असावा लागतो. बाकीचे चार अगदी कमीत कमी मर्यादेवर आहेत असं धरलं तरी हे दोन २ मिमीच्या पुढे गेलेत. १०२ बाय १२० च्या सिलिंडरला कॉम्प्रेशनची जागाच साधारण ६० सीसी. त्यात एका खोल व्हॉल्व्हने दीड-दोन सीसीची भर पडते, म्हणून थंडीत तिथे उशिरा फायर होतं आणि पांढरा धूर येतो. शिवाय व्हॉल्व्ह वर सरकला की स्प्रिंगची बसलेली लांबी वाढते आणि दाब कमी होतो. उतारावर एक्झॉस्ट ब्रेक वापरता तेव्हा एक्झॉस्ट व्हॉल्व्हला स्प्रिंगचा दाब पूर्ण हवाच.

शेंड्या घासल्याने यातलं काही भरून निघत नाही. स्क्रू फक्त दिसायला शेजाऱ्यांच्या ओळीत येतो. वरचा कडक थर निघून गेला की शेंडीला खड्डा पडतो, आणि शेंडी स्प्रिंगची टोपी धरणाऱ्या लॉकच्या जवळ आली की रॉकर स्प्रिंगच्या टोपीला लागतो.

माझं मत, हेड आत्ताच उतरवा. गाडी रस्त्यावर गेल्यावर हेच काम कूलंट, ऑइल आणि मजुरीसकट परत करावं लागेल. ३ आणि ५ ला नव्या सीट घालून घ्या. एक्झॉस्टचा कोन ४५ अंश, इनटेकचा ३०. इनटेकच्या दगडाने एक्झॉस्ट कापलेला हेड परत घेऊ नका. कटिंग झाल्यावर बाराही व्हॉल्व्हची खोली डायल गेजने मोजून कागदावर लिहून मागा. ०.९९ पेक्षा कमी आली तर व्हॉल्व्ह पिस्टनला लागायची भीती, म्हणून सीट उंच राहिली असेल तर तीही परत करा.

रॉकरशाफ्ट:
उतरवलंच आहे तर हेडची जाडीही मोजा. नवं हेड साधारण ९५ मिमी असतं, सगळं मिळून १ मिमीपेक्षा जास्त फेसिंग चालत नाही. फेसिंग झालं असेल तर स्टँडर्डपेक्षा ०.२५ किंवा ०.५० मिमी जास्त जाड पॅकिंग मिळतं, ते मापाप्रमाणे निवडा. काढलेलं पॅकिंग परत लावू नका. बसवताना सगळ्या बोल्टना क्रमाने ९० न्यूटन मीटर, मग लांब बोल्टना १२०, आणि शेवटी सगळ्यांना ९० अंश. पेडेस्टलमधले बोल्ट याच क्रमात येतात, त्यामुळे पुशरॉड आणि रॉकर आधी बसवून मग टॉर्क सुरू करायचा.

धागाकर्ता:
हेड उद्या उतरवतो. एकच पुशरॉड बदलू की पूर्ण सेट?

लेथवाला:
बाकीचे अकरा काचेवर सरळ लोळत असतील आणि वरच्या वाटीत खड्डा नसेल तर एकच पुरे. फक्त नवा रॉड जुन्या सरळ रॉडशेजारी उभा करून लांबी जुळवून घ्या.