मारुती ८००ची रिम, ब्रेक डिस्क, स्प्रिंग: चाकांच्या स्टूलसाठी यातलं काय वापरावं?

पाना१४
बाइकच्या कामासाठी बुटकं, सरकतं स्टूल करायचंय. बसायची उंची १४ इंच (३५५ मिमी). भंगारातून मारुती ८००ची १२ इंची लोखंडी रिम, पुढची ब्रेक डिस्क, पुढची कॉइल स्प्रिंग आणि स्कूटरची सीट आणली आहे. डोक्यात असं आहे: डिस्कला खाली चार चाकं, मध्ये खांब म्हणून स्प्रिंग, वर सीट आणि सगळं आर्क वेल्डिंगने जोडायचं. जमीन शहाबादी फरशीची, सांधे उघडे आहेत. चालेल का?

बिडाचंकाम
डिस्क आणि स्प्रिंग बाजूला ठेवा, रिम वापरा.

डिस्क बिडाची असते. साध्या ६०१३ रॉडने (लोखंडाच्या वेल्डिंगचा नेहमीचा रॉड) टाका मारला तर तो वरून छान दिसतो, पण थंड होताना टाक्याच्या कडेने बारीक टणकन आवाज येतो आणि तिथेच चीर जाते. निकेलचा रॉड आणि आधी नीट तापवणं हा उपाय आहे, पण स्टूलसाठी तो खर्च कशाला? शिवाय बेस म्हणून डिस्क फारच लहान पडते.

स्प्रिंगचं पोलाद वेल्डिंगच्या उष्णतेने टाक्याशेजारी ठिसूळ होतं आणि कधीतरी काही कल्पना न देता तुटतं. क्लॅम्पने धरली तरी नुसती स्प्रिंग आडवी डोलते. पाना जोरात ओढला की सीट एका बाजूला जाणार.

जुना शॉकअब्सॉर्बर खांब म्हणून वापरायचा मोह होईल. तो कापू नका, तापवूही नका. आत तेल आणि बऱ्याचदा दाबाखालचा वायू असतो.

खाचखळगे
रिमला कंपनीने आधीच ४ भोकं दिली आहेत (११४.३ मिमी वर्तुळावर). त्यांचाच उपयोग करा.

रिम उलटी ठेवा, बाहेरची बाजू खाली. वर खोलगट वाटी मिळते, नट-बोल्ट ठेवायला उत्तम. रिमची भोकं झाकायला तळात जुन्या ट्यूबचा तुकडा घाला.

चाकं बसवायला रिमच्या खाली वेल्ड करायची ५ मिमी पत्र्याची रिंग कापून घ्या: बाहेरचा व्यास ४३०, आतला २०० मिमी. वजन साडेचार किलोच्या आसपास भरतं आणि ते तळाशीच हवं. मधलं भोक पाडायला विसरू नका, नाहीतर खालून नट कसायला गोटी (सॉकेट) आत जाणार नाही.

खांबाला दीड इंची काळा पाइप (बाहेरून ४८ मिमी). गॅल्व्हनाइज्ड घेतलात तर वेल्डिंगला जस्ताचा धूर निघतो. दोन्ही टोकांना १५० मिमी व्यासाची, ६ मिमी जाडीची चकती. खालच्या चकतीला ११४.३च्या वर्तुळावर ४ भोकं. शेजारच्या दोन भोकांचं अंतर ८०.८ मिमी आलं तर आखणी बरोबर. पाइपची लांबी = १८५ वजा रिंगपासून रिमच्या हबच्या (४ भोकांच्या मधल्या भागाच्या) वरच्या तोंडापर्यंतची उंची. यात चाकाची ब्रॅकेटसकट उंची १०० मिमी, सीटचा प्लाय १८ आणि दबलेला फोम ३५ मिमी धरलाय. पाइप काटकोनातच कापा, जरा तिरका गेला तरी सीट कलते.

नट मात्र मारुतीचेच, निमुळत्या तोंडाचे. रिमचं भोक शंकूसारखं खोलगट असतं. साधा वॉशर त्याच्या कडेवरच टेकतो आणि चार दिवसांत ढिला होतो. त्या नटाचे आटे १२ × १.२५ (१२ मिमी व्यास, दोन आट्यांत १.२५ मिमी अंतर), हार्डवेअरमध्ये सहज मिळणाऱ्या बोल्टचं अंतर १.७५. बारीक आट्याचा बोल्ट मागून घ्या.

पाना१४
मग चाकं चार की पाच? आणि स्कूटरची सीट तशीच बसवली तर?

खाचखळगे
पाच. चाकांचं वर्तुळ १९० मिमी त्रिज्येचं धरा. चार चाकांत शेजारच्या दोन चाकांना जोडणारी कड मध्यापासून १३४ मिमीवर येते, पाचात १५४ वर. माणूस कलंडतो तो याच कडेवरून. चाकं आतल्या बाजूला वळली की हे अंतर आणखी कमी होतं. म्हणून सीट गोल, ३०० मिमीपेक्षा मोठी नको. स्कूटरची सीट लांबट, ती कडेबाहेर जाईल; तिचा फोम आणि रेग्झिन तेवढं वापरा.

आखायला कंपास २२३ मिमीवर उघडा आणि १९०च्या वर्तुळावर पाच पावलं टाका. पाचवं पाऊल पहिल्या खुणेवर यायला हवं.

चाकं ७५ मिमी व्यासाची, पीयूची (पॉलियुरेथेनची), १२ मिमी बोल्टवाली. ५० मिमीची शहाबादीच्या सांध्यात अडकतात. साधं रबर ऑइलने फुगतं, नायलॉन खडखडतं. उंचसखल फरशीवर वजन कधीकधी तीनच चाकांवर येतं, त्यामुळे प्रत्येक चाक किमान ५० किलो पेलणारं घ्या. दोनांना ब्रेक असू द्या. पाचही फिरती घेतली की सीट वेगळी फिरवायला बेअरिंग लागत नाही.

बिडाचंकाम
वेल्डिंगआधी टायर रिमवरून पूर्ण उतरवा. हवा काढलेला टायरसुद्धा तापलेल्या रिमवर आतल्या आत वायू धरून फुटू शकतो.

रिमला चिकटलेली ब्रेकची काळी भुकटी हवेने उडवू नका, जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. साबणाच्या पाण्याने धुवा. ब्रेक क्लीनरही नको: क्लोरीनवाला असेल तर त्याच्या ओलाव्यावर आर्क पडताच विषारी फॉस्जीन तयार होतो.

रिम-रिंगच्या जोडावर गोल सलग वेल्ड मारू नका, रिंग वाकते आणि एक चाक हवेत राहतं. रंग घासून २५ मिमीचे टाके, एक इकडे तर पुढचा समोरच्या बाजूला. २.५ मिमीचा रॉड, ७०-८० अँपिअर. पाइप-चकतीला ३.१५चा रॉड, १०० ते ११०.