विषय: उत्तर: कोजागिरीची जागा, शुक्रवारपर्यंत ठरवायची आहे

हॉलचं डिपॉझिट शुक्रवारी भरायचंय. ॲरिझोनातल्या आपल्या दोन शेजारच्या शहरांपैकी चँडलर की मेसा डाउनटाउन, एवढंच कळवा.
– सचिव

---

चँडलरच. इंटेलच्या नोकऱ्यांमुळे आपली बरीच मंडळी इथेच राहतात, पार्किंगही भरपूर. गेल्या वर्षीसारखी धावपळ नको.

---

आणि पूर्व मेसातल्यांनी काय करायचं? मेसात पश्चिमेच्या डॉब्सन रोडपासून पूर्वेच्या पॉवर रोडपर्यंतच 11 मैल, गाव त्यापुढे शेजारच्या अपाची जंक्शनला भिडलंय. भारतातून आलेले आई-बाबा गाडी चालवत नाहीत. लाइट रेल 2015 मध्ये डाउनटाउनला आली, 2019 मध्ये गिल्बर्ट रोडपर्यंत. तिथे सोडलं तर ते आपले आपण येतील. त्यांना दर वेळी कुणाच्या तरी गाडीची वाट बघावी लागते, ते मला बघवत नाही.

---

दुधाची पातेली, शेगड्या, सतरंज्या गाडीतूनच येणार ना? स्वयंपाकाची जबाबदारी आमच्याकडे आहे, आम्हाला दारापर्यंत गाडी न्यायला हवी. एका उपनगरासाठी सगळ्यांनी कशाला हलायचं?

---

उपनगर म्हणू नका. 2020 च्या जनगणनेत मेसाची वस्ती 5,04,258, मिनिआपोलिसपेक्षा जास्त. 1950 मध्ये सतरा हजारही नव्हती. 1878 मध्ये आलेल्या मॉर्मन लोकांनी होहोकाम या प्राचीन मूळ रहिवाशांचे जुने कालवे उपसून पाणी खेळवलं, म्हणून वाळवंटात संत्री पिकली. मी आलो तेव्हा वसंतात त्या मोहराचा वास यायचा. मग बागांच्या जागी घरं उठली. विल्यम्सचा हवाई तळ 1993 मध्ये बंद झाला, तिथे आता गेटवे विमानतळ आहे आणि नवी वस्ती त्याच बाजूला सरकतेय. नवी मराठी कुटुंबंही तिकडे घरं घेताहेत. मंडळ पश्चिमेलाच बसून राहिलं तर ती आपल्यात येणार कशी?

---

काका, मेसातल्या व्हॅल व्हिस्टा रस्त्याच्या उत्तर टोकाला थोड्या बागा आहेत अजून. मार्चमध्ये जाऊन या, वास तोच आहे.

---

बागांचं नंतर बघू. कोजागिरीला दूध होईपर्यंत बारा वाजतात. येताना रेल्वे ठीक, पण एवढ्या रात्री ज्येष्ठांना स्टेशनावर उभं करायला माझी तयारी नाही. डाउनटाउन चालेल, परतीच्या गाड्या आधी ठरवा.

---

पॉवर रोडच्या पुढे जाणाऱ्या आमच्या गाडीत दोन जागा आहेत. आणखी कोण?