लिफ्ट बंद: 'अनअव्हॉइडेबल' की 'इनेव्हिटेबल'?

कोपरीचा सेक्रेटरी

आमची सोसायटी ठाणे पूर्वेला, कोपरीत. सात मजले आणि लिफ्ट एकच. तिचे रोप, म्हणजे पोलादी दोर, बदलायचे आहेत म्हणून शनिवार-रविवार ती बंद राहणार. मराठी नोटीस लिहून झाली: 'अपरिहार्य कारणास्तव' वगैरे नेहमीचंच. पण निम्मे सभासद सिंधी, वर दोन तमिळ घरं, त्यामुळे शेजारी इंग्रजी नोटीसही लावतो. त्यात मी लिहिलं 'ड्यू टू अनअव्हॉइडेबल सर्कमस्टन्सेस'. आमचे खजिनदार बँकेतून निवृत्त, लाल पेन अजून खिशात असतं. त्यांनी काट मारून 'इनेव्हिटेबल' केलं. का, तर म्हणे शब्द वजनदार आहे.

कोशात पाहिलं तर दोन्हींपुढे 'अपरिहार्य'च. मग फरक कशात? आणि वाक्यात कुठला कुठे बसतो? उदाहरणं देऊन सांगा, व्याख्या नकोत.

नौपाड्याच्या बाई

अहो सेक्रेटरी, शब्द काय वाण्याच्या काट्यावर ठेवायचाय? तुमचंच बरोबर आहे. खजिनदारांना माझा निरोप द्या, पण गोडीत द्या.

वर्गात मुलं अडली की मी त्यांना इंग्रजी शब्द आधी विसरायला लावायचे. मनातलं मराठी वाक्य कोणतं आहे ते बघा. 'टाळता आलं नाही हो' असं असेल तर अनअव्हॉइडेबल. 'हे होणारच होतं' असं असेल तर इनेव्हिटेबल. पहिल्यात थोडी सबब असते: माझ्या हातात असतं तर टाळलं असतं. दुसऱ्यात तुम्हाला कोणी विचारतच नाही. कारणं जमून आलेली असतात, परिणाम यायचा तो येतो.

घोडबंदर रोडचंच घ्या. गायमुखच्या चढावर ट्रेलर बंद पडला की कोंडी होणारच: 'अ ट्रॅफिक जॅम वॉज इनेव्हिटेबल.' त्या कोंडीत अडकून तुम्ही ऑफिसात उशिरा पोचलात, तर साहेबांना सांगायचं: 'द डिले वॉज अनअव्हॉइडेबल.' इथे 'माय डिले वॉज इनेव्हिटेबल' म्हणालात तर साहेबांना वाटेल, हा रोजच उशिरा यायचं ठरवून बसलाय.

वाक्याचा सांगाडाही बघा. 'इट वॉज इनेव्हिटेबल दॅट द ओल्ड रोप वुड वेअर आउट' हे सहज जातं. तिथे अनअव्हॉइडेबल घातलं तर कानाला खडा लागतो. 'द' लावून नाम करायचं तर तेही इनेव्हिटेबलचंच: 'ही फायनली ॲक्सेप्टेड द इनेव्हिटेबल.' उलट खर्च, उशीर, गैरहजेरी यांच्याशी अनअव्हॉइडेबलचं चांगलं जमतं. 'ऑलमोस्ट इनेव्हिटेबल' चालतं, 'व्हेरी इनेव्हिटेबल' लिहू नका.

आणखी एक वापर आहे, तो मला फार आवडतो. आमचे हे थंडीत तलावपाळीवर फिरायला निघतात, 'विथ हिज इनेव्हिटेबल मंकी कॅप'. म्हणजे ठरलेली, हटकून असणारी. त्यात प्रेमाची चेष्टा आहे. इथे दुसरा शब्द घालून बघा, सगळी मजा जाईल.

कोश तुमच्या मदतीला आला नाही, कारण मुळात दोघांचा अर्थ एकच. इनेव्हिटेबलच्या पोटात लॅटिन 'एविटारे' आहे, म्हणजे टाळणे. फरक वापराने पडला. आपला 'अपरिहार्य' मात्र दोन्ही कामं एकटाच करतो. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात 27व्या श्लोकात 'तस्मादपरिहार्येऽर्थे' आहे. जन्मलेल्याला मृत्यू ध्रुव आहे, म्हणून शोक करू नकोस, असा तो संदर्भ. ते इनेव्हिटेबल. आणि 'अपरिहार्य कारणास्तव आजची सभा रद्द', हे अनअव्हॉइडेबल. मराठी माणूस घसरतो तो इथेच.

वाशी क्लिअरिंगवाला

बाईंना नमस्कार. पण नोटिशीत दोन्ही शब्द हवेत कशाला?

आमचं कस्टम क्लिअरिंगचं काम. न्हावा शेवा बंदरात गेट कटऑफ, म्हणजे माल आत घ्यायची शेवटची वेळ, चुकली आणि कंटेनर शटआऊट झाला, म्हणजे जहाजावर चढलाच नाही, की ऑफिसातली नवी पोरं पार्टीला, म्हणजे गिऱ्हाइकाला, मेल टाकतात, 'ड्यू टू अनअव्हॉइडेबल सर्कमस्टन्सेस'. पार्टीचं उत्तर एका ओळीत येतं: 'विच सर्कमस्टन्सेस?' मग ट्रेलर कुठे अडकला, पुढचं जहाज कधीचं, हे सगळं लिहावंच लागतं. तुम्ही सरळ लिहा: 'लिफ्ट क्लोज्ड सॅटर्डे अँड संडे फॉर रोप रिप्लेसमेंट.' सातव्या मजल्यावरचा माणूस गॅस सिलिंडर शुक्रवारीच मागवून ठेवेल.

कोपरीचा सेक्रेटरी

बाई, मंकी कॅप बायकोला वाचून दाखवली. आता मला घरात तेच नाव पडलंय.

क्लिअरिंगवाले साहेब, तुमचं पटतं, पण तुम्ही सोसायटीची मीटिंग बघितलेली दिसत नाही. कारण लिहिलं की पुढचे प्रश्न तयार: रोप आत्ताच का, कोटेशनं किती घेतली, तळमजल्यावाल्यांनी पैसे का द्यायचे? 'अनअव्हॉइडेबल' म्हटलं की निदान जिन्यात तरी शांतता राहते. तरी कारण टाकतो, तारखाही टाकतो.

लॉ सेकंड इयर, ऐरोली

एक शंका. आम्हाला टॉर्ट्समध्ये, म्हणजे नुकसानभरपाईच्या दिवाणी कायद्यात, 'इनेव्हिटेबल ॲक्सिडेंट' हा बचाव शिकवतात. 1891 चा स्टॅन्ली विरुद्ध पॉवेल हा खटला: शिकारीत पॉवेलने फेझंट पक्ष्यावर बंदूक झाडली, छर्रा ओकच्या झाडावर आपटून वळला आणि स्टॅन्लीला लागला. पॉवेल जबाबदार नाही, असा निकाल. वाजवी काळजी घेऊनही टाळता आलं नाही, म्हणून. मग बाईंच्या हिशोबाने ते अनअव्हॉइडेबल ॲक्सिडेंट व्हायला हवं ना?

नौपाड्याच्या बाई

हवं होतं, पण झालं नाही. कायद्यातले शब्द जोडीनेच मुरतात. परीक्षेत 'इनेव्हिटेबल ॲक्सिडेंट'च लिही, नाहीतर मार्क जातील. फक्त ती जोडी फोडून त्यातला एक शब्द नोटिशीला चिकटवायचा नाही.

आणि सेक्रेटरी, खजिनदार हा शब्द मोठ्याने म्हणतात तेव्हा शेवटी 'टेबल' म्हणतात का ते ऐका. जोर 'नेव्ह'वर, आणि शेवट नुसता 'टबल'.