पोरीला मळ्यात वाढवायचं की पुण्यातच?

रानपाखरू_हडपसर:
नमस्कार मंडळी. मिस्टरांचं गाव निफाड तालुक्यात, चार एकर द्राक्षबाग आणि थोडा कांदा. सासरे आता थकलेत, ह्यांचं काम वर्क फ्रॉम होम, त्यामुळे ह्यांनी गावी जायचं फारच मनावर घेतलंय. मुलगी पहिलीत आहे. हे म्हणतात पोरीला मोकळी हवा मिळेल, मातीत खेळेल, आम्ही नाही का वाढलो. मी डोंबिवलीच्या चाळीत वाढलेली, मला शेत म्हणजे मे महिन्याची सुट्टी एवढंच माहिती. ज्यांचं लहानपण खरंच शेतात गेलंय त्यांनी सांगा ना, गोड गोड नको.

शेवंती_दिंडोरी:
ताई आधी हे सांगा, घर गावात आहे की मळ्यात? कारण सगळा फरक तिथेच पडतो. मी मळ्यात वाढले, गाव दोन किलोमीटर लांब. शाळा सुटली की बाकीच्या पोरी देवळापुढे लगोरी खेळायच्या आणि मी सायकल हाणत घरी, अंधाराच्या आत पोचायचं कारण वाटेत ऊस आणि उसात बिबट्या. शेजार म्हणजे चुलत्यांचं घर, त्यांच्याशी बांधावरून बोलणं बंद 😄 चाळीत तुम्हाला खेळायला माझ्या दसपट पोरं असतील.

काम तर होतंच. ऑक्टोबर छाटणी झाली की दिवाळीची सुट्टी बागेतच, पुढं डिपिंग (घड औषधाच्या पाण्यात बुडवायचे), विरळणी (घडातले जादा मणी काढायचे), आल्याआल्या दप्तर ओट्यावर टाकून मजुरांना पाणी द्यायला पळायचं. नववीत असताना व्यापारी माल तोडायला आला की किती कॅरेट भरले, किलोला काय भाव ठरला ते मीच वहीत लिहायचे, आणि एका वर्षी एक व्यापारी पैसे बुडवून पळाला तेव्हा ती वही घेऊन वडील कुठे कुठे फिरले तेही बघितलं. हिशोब पक्का झाला हे खरं. पण माझ्या नवऱ्याला (मुलुंडचा आहे) पाऊस म्हटलं की भजी आठवतात आणि मला अजूनही फेब्रुवारी-मार्चमध्ये ढग दिसले की पोटात गोळा येतो, गारपीट झालेल्या रात्री आमच्याकडे चूल पेटायची नाही.

कट्टेकरी:
अहो पहिलीतल्या पोरीला काय लगेच विरळणीला बसवणारेत का! इथे पार्किंगमध्ये बॉल मारला की वॉचमन ओरडतो आणि सोसायटीच्या ग्रुपवर तीन दिवस भांडण. जा बिनधास्त.

सुरगाण्याचा_पोऱ्या:
शेतात बालपण म्हणजे कुणाच्या शेतात तेही बघायला पाहिजे. आमचे आईबाप दसऱ्यानंतर निफाड-पिंपळगावकडे द्राक्षाच्या कामाला यायचे, आम्ही बागेच्या कडेला पत्र्याच्या खोलीत. वर्षात दोन शाळा आणि दोन्हीकडे हजेरी अर्धी. मालकाची मुलगी माझ्याच वयाची, दिवसभर सोबत खेळायचो, तिच्या वाढदिवसाचा केक मात्र आम्ही ओट्यावरच बसून खायचो, आत कोणी या म्हटलं नाही. पुढं आश्रमशाळेत गेलो म्हणून शिक्षण झालं. तुम्ही जाणार असाल तर पोरीला झेडपीच्या शाळेत घाला, मजुरांची पोरं असतात त्याच वर्गात. पिवळ्या बसमध्ये बसवून रोज तालुक्याच्या इंग्लिश मीडियमला पाठवायची असेल तर मग पुण्यात काय वाईट आहे?

रानपाखरू_हडपसर:
बापरे, हे कोणी सांगितलंच नव्हतं. घर मळ्यातच आहे, बागेला अगदी लागून. आणि पोरीला थोडा दम्याचा त्रास आहे, मोकळ्या हवेत बरा होईल असं सासूबाई म्हणतात.

काढा_नको:
दम्याचं जरा थांबा. युरोपातल्या डेअरी फार्मवरच्या मुलांमध्ये दमा-ॲलर्जी कमी दिसते हे खरं, अमेरिकेतल्या आमिश (जुन्या पद्धतीने शेती करून राहणारा ख्रिस्ती पंथ) मुलांवरही २०१६ साली असाच अभ्यास आला होता, पण तो सगळा गाईगुरांच्या गोठ्यात तान्हेपणापासून वावरण्याचा परिणाम मानतात. द्राक्षबागेत छाटणीनंतर ट्रॅक्टरच्या ब्लोअरने सारखी फवारणी चालू असते, ती खिडकीपर्यंत येते. तिच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही ठरवू नका.

शाळेचं म्हणाल तर नवोदयच्या (केंद्र सरकारची निवासी शाळा) सहावीच्या प्रवेशात किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांच्या असतात, पण तिसरी ते पाचवी ग्रामीण भागातल्या शाळेत झालेली लागते, म्हणजे जायचंच असेल तर तिसरीच्या आत जा.

आणि मे महिन्यात राहून अंदाज घेऊ नका, तेव्हा आंबे आणि पाहुणे असतात. डिसेंबरात जा, निफाडचा पारा पाच-सहावर येतो तेव्हा माणसं द्राक्षं थंडीपासून वाचवायला पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, आणि शेतीची थ्री फेज वीज रात्रपाळीची असली की पाण्याची मोटर चालू करायला मध्यरात्री कोणीतरी उठतंच. ह्यांची सकाळची मीटिंग असेल तर कोण उठणार तेही आत्ताच ठरवून घ्या.