मदत हवी आहे: अज्ञात एस्टर ओळखायचा आहे, आयडोफॉर्म आणि उत्कलनांक जुळत नाहीत

एस्टरमध्ये (आम्ल आणि अल्कोहोल जोडून बनलेलं संयुग) कार्बन ५८.८% आणि हायड्रोजन ९.८%, बाकी ऑक्सिजन. साबणीकरणासाठी (अल्कलीने एस्टर फोडून आम्लाचं मीठ आणि अल्कोहोल मिळवणं) १.०२ ग्रॅम एस्टर + २५ मिली १ मोलर अल्कोहोलिक केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड), १ तास रिफ्लक्स (वाफ थंड करून परत फ्लास्कमध्ये सोडत उकळणं). नंतर ०.५ मोलर एचसीएल: ब्लँकला (एस्टर न घातलेलं मिश्रण) ५०.० मिली, नमुन्याला ३०.२ मिली. त्याच मिश्रणातून अल्कोहोल ऊर्ध्वपातित केलं, आयडोफॉर्म (इथेनॉल, आयसोप्रोपिल अल्कोहोल अशांना पिवळा अवक्षेप देणारी चाचणी) झकास पिवळा आला. आम्लाला टॉलेन्सचा (सिल्व्हर नायट्रेटची चाचणी) चांदीचा आरसा नाही, न्यूट्रल फेरिक क्लोराइडने लाल रंग. म्हणजे आयसोप्रोपिल असेटेट ना? पण उत्कलनांक १०१-१०२ अंश से. येतोय, पुस्तकात ८९. थर्मामीटर बिघडलाय का?

प्रतिसाद १
थर्मामीटर ठीक असावा, घोळ केओएचमध्ये आहे. ते इथेनॉलमध्ये केलेलं असणार. इथेनॉल स्वतःच आयडोफॉर्म देतं, त्यामुळे कोणताही एस्टर घेतलात तरी पिवळंच दिसेल. टायट्रेशन मात्र उत्तम आहे: फरक १९.८ मिली, म्हणजे ९.९ मिलिमोल, तुल्यभार (एका एस्टर गटामागे वजन) १०३. टक्केवारीवरून ५ कार्बन, १० हायड्रोजन, २ ऑक्सिजन, रेणुभार १०२. एकच एस्टर गट.

या सूत्राचे नऊ एस्टर होतात: चार ब्युटिल फॉर्मेट, दोन प्रोपिल असेटेट, इथिल प्रोपिओनेट, आणि मिथिलचे ब्युटिरेट व आयसोब्युटिरेट. आरसा फॉर्मिक आम्ल देतं, तो नाही म्हणून फॉर्मेट गेले. १०२ च्या जवळ उरतात एन-प्रोपिल असेटेट (१०२) आणि मिथिल ब्युटिरेट (१०३). इथिल प्रोपिओनेट ९९ ला उकळतो, त्यालाही अजून यादीत ठेवा.

जलापघटन (एस्टर फोडणं) पुन्हा करा, पाण्यातल्या अल्कलीने: २ मिली एस्टर, २० मिली १०% सोडियम हायड्रॉक्साइड, उकळखडे टाकून रिफ्लक्स, तेलकट थर आणि फळासारखा वास जाईपर्यंत. पहिले ४-५ मिली ऊर्ध्वपातित गोळा करून त्यावर आयडोफॉर्म. परीक्षानळी असिटोनने विसळलेली नको, तोही पिवळा देतो.

प्रतिसाद २
फेरिक क्लोराइडचा लाल रंग ही असेटेटचीच खूण नव्हे, प्रोपिओनेटही तोच देतो. त्यापेक्षा फ्लास्कमधलं उरलेलं गार करून सौम्य सल्फ्युरिकने आम्लधर्मी करा आणि हाताने वारा घालत हुंगा. व्हिनेगर की खवट तूप, लगेच कळेल.

पक्कं करायचं तर पाणीदार ऊर्ध्वपातितावर वेळ घालवू नका. थेट २ मिली एस्टर, १.५ ग्रॅम ३,५-डायनायट्रोबेंझोइक आम्ल आणि २ थेंब तीव्र सल्फ्युरिक आम्ल रिफ्लक्स करा, आम्ल विरघळल्यावर आणखी अर्धा तास. गार करून ईथरमध्ये घ्या (जवळ ज्योत नको), ५% सोडियम कार्बोनेटने फेस थांबेपर्यंत धुवा. हे धुणं घाईत उरकलं की न लागलेलं आम्ल मागे राहतं आणि द्रवणांक विस्कटतो. ईथर उडवून पातळ अल्कोहोलमधून स्फटिक करा. मिळालेला डायनायट्रोबेंझोएट प्रोपिलचा असेल तर ७४, इथिलचा ९३, मिथिलचा १०८ अंशांना वितळतो. आकडे इतके लांब आहेत की साध्या केशनळीतही गल्लत होणार नाही.

धागाकर्ता
केओएच रेक्टिफाइड स्पिरिटमध्येच आहे. नुसत्या स्पिरिटवर चाचणी केली, तसाच पिवळा अवक्षेप. आता पाण्यातलं जलापघटन लावतो.