मोटरवालं दार खाली येता येता परत वर जातंय

लातूरकर: गाडी ठेवायच्या गॅरेजच्या दाराला मोटर हाय. संध्याकाळी अर्ध्यातून परत वर जातंय. सकाळी तक्रार नाही. भाऊ म्हणतो, दाराखाली कुणी आलं की दार उलटं फिरवणारा सेन्सरच काढून टाक. घरात रांगतं लेकरू हाय, धीर होईना.

जालन्याचा वायरमन: सेन्सर काढू नका हो! दार पश्चिमेला हाय का? सेन्सरचे दोन डोळे असतात, एक किरण सोडतो, दुसरा म्हणजे रिसीव्हर तो घेतो. मावळतीचं ऊन रिसीव्हरवर पडलं की सिग्नल हरवतो. रिसीव्हर सावलीच्या बाजूला घ्या, किरण सोडणारा समोर. धूळबी पुसा. दोन्ही जमिनीपासून 15 सेंटीमीटरच्या आत, समोरासमोर पाहिजेत.

परभणीकर: मग खाली 4 सेंटीमीटर जाड फळी आडवी ठेवा. दार टेकून उलटं फिरलं नाही, तर वापर बंद. स्प्रिंगला मात्र हात लावू नका, मिस्त्रीच बोलवा.

लातूरकर: पश्चिमेलाच हाय! भावाला हे वाचून दाखवतो.